‘सुटका’ आणि ‘सीझर’ : नारपोलीतील प्रसूतिविषयक शब्दांवरून एक ऐतिहासिक टिपण

भिवंडीचे नाव घेताच यंत्रमागांचा खडखडाट आठवतो, आणि नारपोलीही त्याला अपवाद नाही. परंतु मागांच्या शेडी, गोदामे आणि भाड्याच्या चाळी यांच्यामधोमध जुने गावठाण अद्याप आपली बोली सांभाळून आहे. आगरी बोलीतील नातेवाचक व संस्कारवाचक शब्द जमविण्याच्या निमित्ताने तेथील काही वृद्ध स्त्रियांशी बोलण्याचा योग प्रस्तुत लेखिकेस आला. जन्माविषयीचे शब्द विचारीत असता एक आजी हसून म्हणाल्या त्याचा भावार्थ असा : “बाई, आमची सुटका व्हायची, आता सुनांना सुट्टी मिळते.” सुट्टी म्हणजे दवाखान्यातून घरी जाण्याची परवानगी. दोन्ही शब्द ‘सुटणे’ या एकाच कुळातील आहेत. पहिल्या शब्दात स्त्री वेदनेतून सुटते, दुसऱ्यात ती इमारतीतून सुटते. आजींचा हेतू विनोदाचा होता. परंतु हे दोन शब्द मनात राहिले आणि त्यांतून प्रस्तुत टिपण निघाले.

प्रथम शब्दांचा थोडा परिचय करून देणे अवश्य आहे. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) उत्तर कोकणातील बोलींचे जे विवेचन आले आहे, त्यातील ध्वनिविशेष नारपोलीच्या वृद्धांच्या बोलण्यात अजून ऐकू येतात : ‘ण’चा ‘न’, ‘ळ’चा ‘ल’ आणि स्वरांमधील ‘ड’चा ‘र’. त्यामुळे सुईण ही ‘सुईन’ होते, बाळंतीण ‘बालंतीन’ होते, आणि कळा येतात त्या ‘कला’ म्हणून. प्रमाण मराठीच्या वाचकाने येथे गैरसमज करून घेऊ नये. अडलेली बाई ‘अरलेली’ असते. ‘वेणा’ हा शब्द संस्कृत ‘वेदना’ व प्राकृत ‘वेअणा’ यांच्यापासून आलेला असून, मराठीत त्याचा अर्थ आकुंचन पावत केवळ प्रसूतीच्या दुःखापुरता राहिला आहे. ‘सुईण’ शब्दाचे ‘सूति’शी, म्हणजे प्रसवाशी, नाते उघड आहे. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) ‘बाळंत’ शब्दाभोवती सामासिक शब्दांचा मोठा परिवार जमलेला दिसतो. तो चाळताना एक गोष्ट लक्षात येते : काढा, शेक, खाणेपिणे, दुखणे अशा प्रसूतीनंतरच्या गोष्टींचेच शब्द त्यात अधिक आहेत. प्रत्यक्ष जन्माच्या क्षणासाठी भाषेने मोजकीच क्रियापदे ठेविली आहेत.

ती क्रियापदे पाहावीत. कळा येतात, पाणी जाते, बाई अडते, बाई मोकळी होते, वार पडते, सुटका होते. ही सर्व क्रियापदे अकर्मक आहेत. ‘ती बाळंत झाली’ या वाक्यात कर्ता तीच आहे, आणि तिच्यावर कोणी काही करीत नाही. सुईणीने तिला ‘बाळंत केले’ असेही म्हणतात, हे खरे. परंतु ‘बाळंतपण करणे’ याचा रूढ अर्थ सव्वा महिना तिची सेवा करणे असाच आहे, आणि ते काम आईने किंवा मावशीने करावयाचे असते. आता याच्याशेजारी आजचे वाक्य ठेवावे : ‘तिचं सीझर झालं’, ‘माझं सीझर केलं’. येथे स्त्री कर्तेपदावरून षष्ठीत गेली. त्याहूनही अधिक विचार करावयास लावणारे तिसरे वाक्य आहे, आणि शहरात व खेड्यात तेच सर्वांत अधिक कानी पडते : ‘सीझर करावं लागलं.’ मराठीतील ‘लागणे’ हे मोठे सोयीचे क्रियापद आहे. निकड सांगावी आणि ती निकड कोणाला वाटली हे मात्र सांगू नये, ही सोय त्यात आहे. कोणाला लागलं? डॉक्टरांना, घरच्यांना, त्या बाईला, की रात्रपाळीच्या वेळापत्रकाला? वाक्य गप्प राहते. आवश्यक आणि अनावश्यक शस्त्रक्रिया यांतील भेद नेमका या मौनात दडलेला आहे असे मला वाटते. आणि औषधे किंवा उपकरणे यांच्यावाचून अनावश्यक शस्त्रक्रिया कमी करण्याचे जे उपाय गेल्या काही वर्षांत पुढे आले आहेत, ते सारे या ना त्या रीतीने ‘लागलं’ या क्रियापदाला त्याचा कर्ता परत मिळवून देण्याचेच उपाय आहेत.

येथे एक इशारा देऊन ठेवला पाहिजे. जुने शब्द गोड लागतात म्हणून जुना काळ गोड होता असे नव्हे. ‘अडली’ या शब्दाच्या पोटात मृत्यू होता. नारपोलीपासून फार दूर नसलेल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. पुढे त्या अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्या निवर्तल्या. त्या महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी धाडलेल्या अर्जात त्यांनी असे म्हटले होते की, आपल्या देशभगिनी पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात. या एका विधानात प्रसूतीच्या प्रश्नाचे दोन्ही पदर आले आहेत : शास्त्र हवे, आणि ते शास्त्र घेऊन येणारे माणूस त्या स्त्रीला जवळचे वाटावयास हवे. पहिला पदर आपण विसाव्या शतकात बराच विणला. दुसरा सुटला.

शस्त्राने प्रसूती करण्याची कल्पना जुनी आहे. सुश्रुताच्या निदानस्थानात मूढगर्भाचा विचार करताना, माता मृत झाली असता कुशीत गर्भाचे स्पंदन दिसल्यास उदर चिरून त्याला बाहेर काढावे असे सांगितले आहे. प्राचीन रोममध्येही मृत मातेपुरताच हा विधी होता. ज्यूलियस सीझर असा जन्मला ही दंतकथाच म्हणावयाची, कारण त्याची आई ऑरेलिया तो प्रौढ सेनापती होईपर्यंत हयात होती. शब्दाचे मूळ ‘कापणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत असावे असे सामान्यतः मानतात. जर्मनांनी दंतकथा खरी मानून ‘कैसरचा छेद’ असा शब्द घडविला. मराठीने छेदही सोडला आणि नुसता ‘सीझर’ ठेवला. माता जिवंत राहावी म्हणून ही शस्त्रक्रिया करणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जवळजवळ अशक्य होते. गर्भाशय शिवण्याची रीत लाइपझिगच्या माक्स झेंगर याने १८८२ मध्ये मांडली, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर याने गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा छेद घेण्याची पद्धत रूढ केली. तेव्हापासून अडलेल्या बाईला खरी वाट मिळाली. यांचे ऋण विसरून अनावश्यक शस्त्रक्रियांविषयी बोलणे कृतघ्नपणाचे होईल.

याच इतिहासातील एक वाक्य मात्र वेगळ्या कारणासाठी उल्लेखनीय आहे. ‘एकदा सीझर, म्हणजे नेहमीच सीझर’ हा न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन या प्रसूतितज्ज्ञाचा १९१६ मधील नियम आपल्याकडील सासवासुनांच्याही तोंडी आहे. क्रेगिनने तो सांगितला होता तो मुळात धोक्याची सूचना म्हणून : पहिल्या शस्त्रक्रियेचे ओझे पुढच्या प्रत्येक बाळंतपणावर पडते, म्हणून पहिली करतानाच दहा वेळा विचार करावा. सूचनेचा पूर्वार्ध जगभर गेला, उत्तरार्ध मागे राहिला. लोकोक्तींच्या बाबतीत हे वारंवार घडते.

आता काही आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण १९९२-९३ मध्ये शेकडा ३ च्या आतबाहेर होते. ते २००५-०६ मध्ये ८.५, २०१५-१६ मध्ये १७.२ आणि २०१९-२१ मध्ये २१.५ झाले. महाराष्ट्रात शेवटच्या दोन पाहण्यांत ते २०.१ वरून २५.४ वर गेले. देशभराचा विचार करता २०१९-२१ च्या पाहणीत सरकारी संस्थांत हे प्रमाण १४.३ होते आणि खाजगी संस्थांत ४७.४. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये ब्राझीलमधील फोर्तालेझा येथील बैठकीनंतर १० ते १५ ही मर्यादा सांगितली होती. २०१५ मध्ये तिने अधिक नेमकेपणाने सांगितले की, लोकसंख्येच्या पातळीवर शेकडा १० च्या पुढे गेल्याने माता व अर्भक यांचे मृत्यू आणखी घटत असल्याचे दिसत नाही. तथापि आकडा गाठण्यापेक्षा जिला गरज आहे तिला शस्त्रक्रिया मिळणे महत्त्वाचे.

हे आकडे नारपोलीच्या एका चाळीत आणून ठेवले म्हणजे त्यांचा अर्थ स्पष्ट होतो. येथे गावठाणातील आगरी कुटुंबांच्या सोबतीला उत्तर प्रदेश व बिहार येथून आलेले मागकामगार आहेत, आणि भिवंडीत पिढ्यान्‌पिढ्या वसलेली तेलंगणातील पद्मशाली कुटुंबे आहेत. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल यांतील अनेक कुटुंबांत आहे. २०१९-२१ च्या पाहणीत बिहारमध्ये शस्त्रक्रियेचे प्रमाण ९.७ आहे, उत्तर प्रदेशात १३.७, महाराष्ट्रात २५.४ आणि तेलंगणात तब्बल ६०.७. म्हणजे एकाच चाळीत शेजारीशेजारी कांड्या भरणाऱ्या दोन गरोदर बायका माहेरच्या गाडीत बसल्या, तर त्यांच्या पोटाला चिरा पडण्याचा संभव कोणत्या दिशेची गाडी धरली यावर अवलंबून राहतो. बिहारचा आकडा निर्दोष आहे असे मी म्हणत नाही; तेथे गरज असूनही शस्त्रक्रिया न मिळालेल्या स्त्रिया त्या लहान आकड्यात लपलेल्या असतील. परंतु सहापट अंतराचा खुलासा कंबरेच्या हाडांत शोधून सापडणार नाही. रुग्णालय सरकारी की खाजगी, मुहूर्त पाहण्याची हौस, वाट पाहण्याची तयारी, दुखण्याची भीती आणि सल्ला देणाऱ्याचे शब्द, यांतच तो शोधावा लागतो. मुहूर्ताविषयी एवढेच सांगते की, ज्या समाजात जन्मवेळेवरून पत्रिका मांडीत, तेथे आता पत्रिका आधी ठरवून जन्मवेळ मांडण्याचे प्रकार घडतात. ज्योतिषशास्त्राच्या दृष्टीनेही ही उलटी गंगा म्हणावयास हवी.

सल्ला देणाऱ्याचे शब्द हा भाषाभ्यासकाच्या आटोक्यातील विषय आहे. प्रसूतिगृहाच्या दाराशी जी वाक्ये ऐकू येतात ती ठरावीक आहेत : ‘पाणी कमी झालंय’, ‘बाळानं शी केलीय’, ‘नाळेचा वेढा आहे’, ‘रिस्क घ्यायची का तुम्ही सांगा’. यांतील प्रत्येक वाक्य एखाद्या स्त्रीच्या बाबतीत अगदी खरे आणि तातडीचे असू शकते. पण उदाहरणादाखल नाळेच्या वेढ्याचेच पाहा. चार-पाच बाळंतपणांत एकदा तरी बाळाच्या मानेभोवती नाळ आढळतेच आणि बहुतेक वेळा त्यापासून काही होत नाही. केवळ तेवढ्यावरून शस्त्रक्रिया करण्याचे कारण नसते. ऐकणाऱ्याच्या कानी मात्र ‘गळ्याला वेढा’ म्हणजे फासच पडतो. आणि ‘रिस्क घ्यायची का’ हा प्रश्न रचनेने प्रश्न असला तरी व्यवहारात तो आज्ञार्थ आहे. त्याचे ‘हो’ असे उत्तर देणारा बाप मी अद्याप पाहिला नाही.

येथे स्वतःची एक आठवण सांगण्याची मुभा घेते. माझ्या बाळंतपणात, एका रुग्णालयात, कळा सुरू होऊन काही तास झाले असता संमतिपत्र आणले गेले. ते इंग्रजीत होते. सही माझ्या यजमानांची घेण्यात आली. मी दोन हातांवर, शुद्धीवर, बोलण्याच्या स्थितीत होते. शस्त्रक्रिया आवश्यक होती की नव्हती हे मला आजही सांगता येत नाही, आणि तक्रार त्याविषयी नाहीच. तक्रार आहे ती मला कोणी विचारले नाही याविषयी. पुढे सुश्रुताचे चिकित्सास्थान वाचताना मूढगर्भ काढण्याच्या प्रकरणाच्या आरंभीच, हे कर्म अत्यंत कष्टप्रद असल्याने ‘अधिपतीला विचारून’ करावे, असे वाचले तेव्हा हसू आले. अधिपती म्हणजे राजा घ्या, घरधनी घ्या. ती स्वतः नव्हे, एवढे नक्की. वस्तुतः आजचा कायदा याविषयी स्पष्ट आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, सज्ञान व समर्थ रुग्णाच्या वतीने, जीव वाचविण्याची तातडी नसताना, तिच्या आईने दिलेली संमती पुरेशी नाही. जी गोष्ट आईला लागू ती पतीलाही लागू, हे सांगावयास नको. तरीही फॉर्म पतीच्या हाती जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया कमी करण्याच्या वैद्यकेतर उपायांविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्या वाचताना नवल वाटते ते त्यांच्या साधेपणाचे. गरोदर स्त्रियांसाठी प्रसूतीची माहिती देणारे वर्ग, परिचारिकांनी शिकविलेले शिथिलीकरणाचे व्यायाम, वेदनेची भीती वाटणाऱ्या स्त्रियांशी पद्धतशीर बोलणे. डॉक्टरांसाठी लेखी नियम, शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या डॉक्टरांचे सक्तीचे मत, आणि झालेल्या शस्त्रक्रियांचा वेळोवेळी आढावा. प्रसाविका व तज्ज्ञ यांनी मिळून काम करण्याची आणि दोन्ही प्रकारच्या प्रसूतींसाठी सारखे शुल्क ठेवण्याची सूचनाही तीत आहे. मात्र शुल्काचा मार्ग काटेकोर संशोधनाच्या चौकटीतच अजमावावा असे तिचे म्हणणे. यांतील प्रत्येक उपायाचे फळ मोठे आहे असे नाही. दुसऱ्या मताचा प्रयोग लॅटिन अमेरिकेतील पाच देशांत ३४ रुग्णालयांत झाला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियांचे प्रमाण पूर्वीच्या तुलनेत शेकडा सातच्या आसपास घटले, आणि माता-बालकांना त्यामुळे अपाय झाला नाही. घट लहान आहे. परंतु ‘लागलं’ असे म्हणण्यापूर्वी ‘कोणाला?’ असे दुसऱ्या माणसाने विचारले, एवढ्यानेच ती झाली.

फळ अधिक दिसते ते सोबतीचे. कळांच्या आरंभापासून शेवटपर्यंत एक माणूस स्त्रीजवळ सतत राहिले तर काय होते, याच्या १७ देशांतील २६ प्रयोगांचा, पंधरा हजारांवर स्त्रियांचा, एकत्रित आढावा २०१७ मध्ये घेण्यात आला. अशी सोबत लाभलेल्या स्त्रियांत शस्त्रक्रियेचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले.

चरकाच्या शारीरस्थानातील आठवा अध्याय येथे आठवल्यावाचून राहत नाही. सूतिकागारात कोण असावे हे सांगताना चरक अनेकदा प्रसूत झालेल्या, स्नेहाळ, कामात कुशल, विषाद नसलेल्या आणि क्लेश सोसणाऱ्या, तिला प्रिय अशा अनेक स्त्रियांची मागणी करतो. पुढे तेथे एक छोटा वादही आहे. कळा सुरू झाल्यावर बाईच्या हाती मुसळ देऊन धान्य कांडावयास लावावे असे काहींचे मत; आत्रेयांना ते मान्य नाही. अशा वेळी दारुण श्रम देऊ नयेत, तिने फिरावे, जांभया द्याव्यात, आणि कळ नसता जोर करू नये, असे ते सांगतात. प्राचीनांना सर्व ठाऊक होते असे सिद्ध करण्याची हौस मला नाही. त्याच परंपरेत अडलेल्या बाईपुढे वैद्य बहुधा हतबल होता. पण सोबत, हालचाल आणि धीर या तीन गोष्टी उपचारात मोडतात हे त्या ग्रंथकाराने लिहून ठेवले, आणि आपल्या प्रसूतिगृहांनी त्या उंबऱ्याबाहेर ठेवल्या.

उंबऱ्याबाहेर त्या कशा गेल्या याचा इतिहास थोडक्यात असा. डफरिन फंड (१८८५) आणि पुढे व्हिक्टोरिया स्मारक निधी (१९०३) यांनी दायांना शिक्षण देण्याचे प्रयत्न केले. दाई ही अस्वच्छतेची मूर्ती, ही प्रतिमा त्याच काळात घट्ट झाली. ती पूर्णपणे खोटी नव्हती. १९२६ मध्ये परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह निघाले ते गिरणगावाच्या सोयीसाठी. १९२९ चा मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा देशातील या प्रकारचा पहिला; त्याच्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये विधिमंडळात पाठिंबा दिला होता. तो कारखान्यातील स्त्रीसाठी होता. घरात बसून कांड्या भरणारीला त्याचा उपयोग नव्हता. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले आणि दायांनाही बरोबर घेतले. पण सार्वत्रिक धोरण संस्थेतील प्रसूतीच्या दिशेने गेले, आणि २००५ च्या जननी सुरक्षा योजनेने ते पक्के केले. त्यातून जीव वाचले, यात संशय नाही. महाराष्ट्रात आता शंभरातील जवळजवळ ९५ बाळंतपणे संस्थेत होतात. आशा कार्यकर्ती बाईला रुग्णालयापर्यंत घेऊन येते. दार मात्र तिच्या तोंडावर लागते असा अनुभव अनेक ठिकाणी येतो.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी प्रसूतिगृहांत सोबतीला एका स्त्रीस येऊ देण्याचे ठरविले. ती स्वतः प्रसूतीतून गेलेली असावी, अशी त्यात अपेक्षा आहे. चरकाची ‘बहुप्रजाता’ अशी सरकारी परिपत्रकातून परत आली. तिने स्वच्छ वस्त्रे घालावीत, कर्मचाऱ्यांच्या कामात आड येऊ नये, अशा तिच्यावर अटी. नारपोलीसारख्या ठिकाणी या सोबतीणीचे आणखी एक काम असेल, ते परिपत्रकात नाही. बाळंतीण भोजपुरी किंवा तेलुगू बोलणारी, परिचारिका मराठी, डॉक्टर इंग्रजीमिश्रित हिंदी बोलणारे आणि संमतिपत्र कोणत्या भाषेत असेल ते दैवाधीन. अशा खोलीत ‘पाणी कमी’ म्हणजे किती कमी आणि ‘थांबता येईल का’ हे तिच्या भाषेत विचारणारे कोणी नसेल, तर तिची संमती ही केवळ अंगठ्याची किंवा सहीची खूण राहते.

गावठाणातील त्या आजींना मी शेवटी विचारले की, तुमच्या वेळी सुईण येईपर्यंत जवळ बसणारीला काय म्हणत? मला एखादा आगरी शब्द हवा होता. त्यांना प्रश्नच कळला नाही. दोनदा विचारल्यावर त्या म्हणाल्या, जाऊ होती, चुलतसासू होती, शेजारची होती, आणि मागच्या घरची म्हातारी रात्रभर माझी पाठ चोळीत होती; तिचं नाव सांगू का?